मोठ्या मराठी फाइलमधल्या स्टाइल्स कशा जपाव्यात? (बंधाऱ्यांच्या ग्रंथाच्या निमित्तानं)

पंचगंगाकाठ

नमस्कार मंडळी.

कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यांवर एक ग्रंथ तयार होतोय आणि त्याची वर्डची फाइल सांभाळायचं काम माझ्याकडं आहे. भोगावती, तुळशी, कासारी, कुंभी या नद्यांवरचे बंधारे, पावसाळ्याआधी बरगे (पाणी अडवायच्या फळ्या) काढायची आणि नंतर घालायची पद्धत, पाणीपुरवठा संस्थांचे जुने ठराव, २०१९ आणि २०२१ च्या महापुराच्या आठवणी, असं सगळं त्यात येतंय. लिहिणारे हात पुष्कळ आहेत. निवृत्त अभियंते, शेतकरी, संस्थांचे सचिव, कॉलेजातले प्राध्यापक. पानं तीनशेच्या पुढं जाणार. फाइल एकाकडून दुसऱ्याकडं फिरते आणि परत येते तेव्हा तिचा चेहरा बदललेला असतो. कुठं शीर्षक निळं, कुठं परिच्छेदाला दुप्पट अंतर, कुठं अर्धं पान एका फॉन्टात आणि अर्धं दुसऱ्याच.

यात दोष लिहिणाऱ्याचा नाही असं मला ठामपणे वाटतं. ज्याला ठळक करायचंय तो ठळकचं बटण दाबणारच. बटण समोर आहे, चालू आहे, मग का दाबू नये? म्हणून उपाय माणसांना सूचना देण्यात नाही, फाइलमध्येच हवा. मजकूर सगळ्यांसाठी मोकळा राहावा आणि मांडणी तेवढी बांधलेली असावी. वर्डमध्ये ही सोय २००३ च्या आवृत्तीपासून आहे, पण आपल्याकडं ती वापरताना मी फार कुणाला पाहिलेलं नाही. म्हणून सविस्तर लिहितो.

रिव्ह्यू टॅबवर रिस्ट्रिक्ट एडिटिंग आहे. उजवीकडं पट्टी उघडते. त्यात पहिलाच भाग फॉरमॅटिंगच्या बंधनाचा. तिथं खूण करायची आणि सेटिंग्जमध्ये जायचं. सगळ्या स्टाइल्सची यादी येते. (स्टाइल म्हणजे फॉन्ट, आकार, अंतर यांचा नाव दिलेला संच.) आधी नन (None) दाबून सगळ्या खुणा काढायच्या, मग आपल्याला हव्या तेवढ्याच ठेवायच्या. आमच्याकडं हेडिंग १ ते ३, मुख्य मजकूर, उतारा, तक्त्यातला मजकूर, चित्रओळ, तळटीप आणि अनुक्रमणिकेच्या स्टाइल्स आहेत. त्याच चौकटीत खाली तीन खुणा आहेत. ऑटोफॉरमॅटला बंधन ओलांडू देणारी खूण काढून टाका. थीम बदलण्याला आणि क्विक स्टाइल सेट बदलण्याला अटकाव करणाऱ्या दोन्ही खुणा करा. शेवटी पट्टीवर संरक्षण सुरू करायचं बटण आहे, तिथं पासवर्ड मागतो. एवढं झालं की फॉन्ट, आकार, ठळक, तिरपं ही सगळी बटणं करडी होतात. कंट्रोल बी दाबलं तरी काही होत नाही. लिहिता मात्र सगळं येतं, खोडता येतं, परवानगी असलेल्या स्टाइल्स लावता येतात.

वाटेत वर्ड एक प्रश्न विचारतं: या फाइलमध्ये परवानगी नसलेलं फॉरमॅटिंग असू शकतं, काढून टाकू का? तिथं घाईनं होय म्हणू नका. नद्यांच्या जुन्या नावांसाठी, ग्रंथनामांसाठी कुणी विचारपूर्वक तिरपे केलेले शब्दही त्यात साफ होतात. आधी प्रत काढून ठेवा आणि नाही म्हणा.

यातून पुढचा मुद्दा निघतो. ठळकचं बटण बंद केलं तर ठळक करायचं कसं? त्यासाठी कॅरेक्टर स्टाइल्स, म्हणजे निवडलेल्या शब्दांपुरत्या लागणाऱ्या स्टाइल्स, द्यायला हव्यात. वर्डमध्ये स्ट्राँग आणि एम्फसिस तयार असतात, त्या यादीत ठेवा. या दिल्या नाहीत तर लिहिणाऱ्याची अडचण खरी असते आणि तो मजकूर नव्या फाइलमध्ये नेऊन काम करतो. मग कुलपाचा उपयोगच राहत नाही.

आता जे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते. मराठी फाइलला कुलूप लावण्याआधी स्टाइलचा देवनागरी अर्धा भाग भरलाय का ते बघा. वर्ड प्रत्येक स्टाइलमध्ये लॅटिन लिपीसाठी आणि कॉम्प्लेक्स स्क्रिप्टसाठी वेगवेगळे फॉन्ट धरून ठेवतं. देवनागरी दुसऱ्यात मोडते. नुसता फॉन्टच नव्हे, आकार, ठळकपणा, तिरपेपणा हेही दोन्हीकडं वेगवेगळे नोंदलेले असतात. तुम्ही लॅटिन भागात १४ लिहिलं आणि देवनागरी भाग तसाच राहिला, तर मराठी मजकूर जुन्याच आकारात राहतो. मग लिहिणारा काय करतो? सगळं निवडतो आणि हातानं आकार वाढवतो. फाइलमधला निम्मा गोंधळ इथून सुरू होतो असा माझा अनुभव आहे.

स्टाइल मॉडिफाय करताना खालच्या फॉरमॅट बटणातून फॉन्टची पूर्ण चौकट उघडा. तिथं लॅटिन आणि कॉम्प्लेक्स स्क्रिप्ट असे दोन भाग दिसतील. दुसरा भाग दिसत नसेल तर फाइल, ऑप्शन्स, लँग्वेज इथं मराठी जोडा आणि वर्ड बंद करून परत उघडा.

आकड्यांचं उदाहरण देतो. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट. आमच्या तक्त्यांत हे आकडे कुणी देवनागरी अंकांत भरले, कुणी इंग्रजी अंकांत. देवनागरी अंक कॉम्प्लेक्स भागातला फॉन्ट घेतात, इंग्रजी अंक लॅटिन भागातला. स्टाइल एकच, पण तक्त्यात आकड्यांची उंची वरखाली. दोन्ही भाग नीट जुळवले की आधी नजर शांत होते, मग अंक कुठले ठेवायचे ते निवांत ठरवता येतं.

तुमच्याकडं काय करता? विशेषतः छपाईकडून कुणी असेल तर जरूर लिहा.

अक्षरजुळणी

पंचगंगाकाठ, फार गरजेचा धागा काढलात. मी राजारामपुरीत डीटीपी करतो. स्मरणिका, साखर कारखान्यांचे वार्षिक अहवाल, गौरवग्रंथ हे आमचं रोजचं काम.

आमच्या बाजूनं सांगतो. वर्डची फाइल इनडिझाइनमध्ये, म्हणजे छपाईची पानं जुळवायच्या प्रोग्रॅममध्ये, आणताना स्टाइलला स्टाइल जोडता येते. वर्डमधला मुख्य मजकूर हा आमच्या पॅराग्राफ स्टाइलला जोडला की तीनशे पानांचा मजकूर एका झटक्यात जागेवर बसतो. पण हे तेव्हाच, जेव्हा लेखकाकडच्या फाइलमध्ये खरंच स्टाइल्स लावलेल्या असतात. सगळं वर्डच्या मूळ नॉर्मल स्टाइलमध्ये आणि वरून हातानं रंगवलेलं असेल तर आम्हाला प्रत्येक शीर्षक शोधून पकडावं लागतं. त्यात मुद्रितशोधनाची एक फेरी तरी वाढते आणि त्याचे पैसे शेवटी संस्थाच भरते. देवनागरीसाठी इनडिझाइनमध्ये वर्ल्ड-रेडी कंपोजर निवडायला विसरू नका, नाहीतर जोडाक्षरं फुटतात.

दुसरी गोष्ट फॉन्टची. आमच्याकडं अजूनही पुष्कळ मजकूर श्रीलिपीच्या किंवा आयएसएमच्या जुन्या फॉन्टांत येतो. तो युनिकोड, म्हणजे सगळ्या संगणकांवर चालणाऱ्या प्रमाण संकेतात, नसतो. पडद्यावर मराठी दिसतं, पण फाइलच्या पोटात इंग्रजी अक्षरंच साठवलेली असतात. अशा मजकुराला तुम्ही तुमची युनिकोड स्टाइल लावली की पानभर निरर्थक अक्षरं दिसायला लागतात आणि लेखक घाबरून फोन करतो. म्हणून कुलूप लावायच्या आधी कोण कशात टाइप करतं ते विचारून घ्या. जुना मजकूर कन्व्हर्टरमधून आधी युनिकोडमध्ये आणा, मगच मूळ फाइलमध्ये घाला. बहुतेक कन्व्हर्टर साधा मजकूर बाहेर काढतात, त्यात स्टाइल टिकत नाही. तेव्हा रूपांतर आधी, स्टाइल नंतर. उलटं केलं तर सगळं दोनदा करावं लागतं.

फॉन्ट कुठला घेताय? शोभिका किंवा यशोमुद्रा घेत असाल तर सगळ्यांच्या संगणकावर तो बसवलेला असायला हवा. नसेल तर वर्ड दुसराच फॉन्ट दाखवतं आणि पानं पुढंमागं होतात.

पंचगंगाकाठ

@अक्षरजुळणी, रूपांतर आधी आणि स्टाइल नंतर हा क्रम लिहून ठेवला. ठरावांची जुनी टंकनं नेमकी तशीच आली आहेत.

फॉन्ट फाइलमध्येच भरून पाठवतोय. फाइल, ऑप्शन्स, सेव्ह इथं एम्बेड फॉन्ट्सची खूण आहे. तिच्याखालची फक्त वापरलेली अक्षरं भरायची खूण मात्र करायची नाही. तिनं फाइल हलकी होते, पण समोरच्याला नवा मजकूर त्या फॉन्टात लिहिता येत नाही. मुक्त परवान्याचा फॉन्ट घेतल्याचा हाही फायदा, भरून पाठवायला आडकाठी नसते.

निवृत्त_बाई

वाचते आहे. एक वेगळी बाजू मांडू का?

मी शाळेत मुख्याध्यापिका होते. शताब्दी अंकाचं संपादन केलंय आणि आता गावच्या वाचनालयाच्या इतिहासाचं काम बघते. लिहिणारे बहुतेक साठीच्या पुढचे. त्यांनी मोठ्या कष्टानं वर्ड शिकलंय. त्यांच्यासमोर बटणं करडी झालेली फाइल ठेवली तर त्यांना वाटतं की आपल्याकडून काही बिघडलं. एक सर तर फाइल उघडून तशीच बंद करून ठेवत होते आणि लेख हातानं लिहून पाठवत होते. नियम बरोबर आहे तुमचा, पण त्यानं लिहिणारा माणूसच मागं हटत असेल तर काय करायचं? माझ्या मते आलेला मजकूर कसाही असो, तो घ्यावा आणि मांडणी आपण एकट्यानं शेवटी करावी. लिहिणाऱ्याच्या हातात फाइल देऊच नये.

उद्यमनगर_शिफ्ट

लय उपयोगी धागा हाय दादा. आमच्याकडं कामाच्या सूचनांची पुस्तिका आसते, मराठीत, फौंड्रीतल्या लोकांसाठी. वितळलेल्या धातूचं तापमान कधी घ्यायचं, साचा कसा तपासायचा, कुठलं हातमोजं घालायचं, आसलं सगळं. दर सुधारणेला नवा रिव्हिजन नंबर. तिथं फॉरमॅटिंग बांधून भागत न्हाई, मजकूर पण बांधाय लागतो. एका शिफ्टनं एखादा आकडा बदलला आन् कुणाला कळलं न्हाई तर माणूस भाजंल.

म्हणून आमी त्याच पट्टीतला दुसरा भाग वापरतो. एडिटिंगचं बंधन घालून नो चेंजेस निवडायचं. मग ज्या चौकटी भरायच्या आसतात, म्हंजे तारीख, तपासणाऱ्याचं नाव, शेरा, तेवढ्या निवडून एक्सेप्शनमध्ये सगळ्यांना खुल्या करायच्या. बाकी पुस्तिका दगडागत घट्ट. फॉरमॅटिंगचं आन् मजकुराचं अशी दोन्ही बंधनं एकाच वेळी लावता येत्यात, हे पुष्कळांना म्हाईत नसतं म्हणून सांगितलं.

पंचगंगाकाठ

@निवृत्त_बाई, बाई, तुमचं म्हणणं मला मनापासून पटतं, पण निष्कर्ष पटत नाही. लेखक मागं हटता कामा नये, अगदी खरं. पण शेवटी एकट्यानं मांडणी करायची म्हटली तर लेखकाला काय म्हणायचं होतं ते आपण अंदाजानं ठरवतो. हा उतारा आहे की लेखकाचंच वाक्य? हे शीर्षक आहे की नुसतं ठळक केलेलं पहिलं वाक्य? आमच्या ठरावांच्या प्रकरणात हा प्रश्न पानोपानी येतो. स्टाइल लावणं म्हणजे सजावट करणं नाही, हा भाग काय आहे ते सांगणं आहे. आणि ते लेखकानंच सांगितलेलं बरं.

भीती मात्र घालवायला हवी. मी तीन गोष्टी केल्यात. फाइलच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरांत लिहिलंय की काही बटणं मुद्दाम बंद ठेवली आहेत, फाइल चांगली आहे, निर्धास्त लिहा. दुसरं, स्टाइल्सना मराठी नावं दिली. मुख्य मजकूर, जुना ठराव, सांगणाऱ्याचे शब्द, अशी. हेडिंग १ सारख्या वर्डच्या मूळ स्टाइलचं नाव पुसता येत नाही, पण तिला दुसरं नाव जोडता येतं. रिनेम करून प्रकरण असं लिहिलं की स्वल्पविरामानंतर ते नाव लागतं. मग स्टाइल्सच्या पट्टीत ऑप्शन्समध्ये, पर्यायी नाव असेल तर मूळ नाव लपवण्याची खूण आहे, ती करायची. यादीत फक्त प्रकरण दिसतं आणि अनुक्रमणिका हेडिंग १ धरूनच बनते. तिसरं, ज्यांना वर्ड नकोच आहे त्यांच्याकडून व्हॉट्सअ‍ॅपवर साधा मजकूर घेतो. तुमच्या सरांनाही तोच मार्ग सोपा जाईल. हातानं लिहिलेलं तर मी आनंदानं टाइप करीन.

@उद्यमनगर_शिफ्ट, एक्सेप्शनचा उपयोग फार छान सांगितलास भावा. ग्रंथातल्या पाणीपातळीच्या तक्त्यांना मी तसंच करणार आहे.

मोडीवाचक

इथं विचारणं बरोबर आहे का माहीत नाही. मी शिवाजी विद्यापीठात इतिहासाचं संशोधन करते, प्रबंध मराठीत आहे. माझी फाइल आधीच बिघडलेली आहे. मार्गदर्शकांकडून, मैत्रिणीकडून, टायपिंगवाल्यांकडून फिरून आली आहे. मोडी कागदांचे लिप्यंतर केलेले उतारे तिरपे आहेत, ते घालवायचे नाहीत. सगळं निवडून साफ केलं तर तेही जातील. मार्ग आहे का?

शिवाय एक विचित्र प्रकार होतो. एका परिच्छेदाला मी मध्यभागी आणलं की पूर्ण प्रबंधातले परिच्छेद मध्यभागी येतात.

पंचगंगाकाठ

@मोडीवाचक, जरूर विचारा, ताई. तुमचा दुसरा प्रश्न आधी घेतो, कारण त्याचं उत्तर लहान आहे. त्या परिच्छेदाची जी स्टाइल आहे ती मॉडिफायमध्ये उघडा. खाली ऑटोमॅटिकली अपडेट अशी खूण असेल, ती काढा. ती खूण असली की एका जागी हातानं केलेला बदल स्टाइलमध्येच मुरतो आणि सगळीकडं पसरतो. तुमच्या सगळ्या मजकुराच्या स्टाइल्स तपासा. फक्त अनुक्रमणिकेच्या टीओसी स्टाइल्सना ती खूण मुळातच असते, ती राहू द्या.

नावानं जवळची पण वेगळी अशी आणखी एक खूण आहे. डेव्हलपर टॅबवर डॉक्युमेंट टेम्प्लेट उघडलं की फाइलला जोडलेला टेम्प्लेट (स्टाइल्स साठवलेली नमुना फाइल) दिसतो आणि त्याखाली स्टाइल्स आपोआप अद्ययावत करण्याची चौकट असते. ती खूण असेल आणि फाइल नॉर्मल टेम्प्लेटला जोडलेली असेल, तर प्रत्येकाच्या संगणकावर उघडताना त्याच्या त्याच्या नॉर्मलमधल्या स्टाइल्स तुमच्या फाइलवर बसतात. मार्गदर्शकांकडून फाइल वेगळीच होऊन येते त्याचं कारण पुष्कळदा हेच असतं. काढून टाका.

आता साफसफाई. सगळं निवडून कंट्रोल स्पेस अजिबात दाबू नका. त्यानं अक्षरांवरचं सगळं हाताचं फॉरमॅटिंग जातं, तिरपे उतारे पण आणि तळटिपेचे वर चढवलेले क्रमांक पण. असं करा:

आधी फाइलची प्रत. मग फाइंड अँड रिप्लेसमध्ये शोधायच्या रकान्यात काही न लिहिता फक्त तिरपं फॉरमॅट द्या आणि बदलायच्या रकान्यात एम्फसिस किंवा तुम्ही बनवलेली मोडी उतारा ही कॅरेक्टर स्टाइल द्या. मराठी मजकूर शोधायचा असल्यामुळं फॉन्टच्या चौकटीत कॉम्प्लेक्स स्क्रिप्टच्या भागातलं तिरपं निवडायचं. एकदम सगळं बदलू नका, पहिली काही पानं एकेक बघत जा. एवढं झालं की तुमचे उतारे आता नाव असलेले झाले.

नंतर ऑप्शन्स, अ‍ॅडव्हान्स्ड इथं कीप ट्रॅक ऑफ फॉरमॅटिंग चालू करा. स्टाइल्सच्या पट्टीच्या ऑप्शन्समध्ये फक्त वापरात असलेल्या स्टाइल्स दाखवायला सांगा आणि परिच्छेदाचं व फॉन्टचं फॉरमॅटिंगही यादीत दाखवण्याच्या खुणा करा. आता पट्टीत सगळं पितळ उघडं पडेल. नॉर्मल अधिक १३ पॉइंट, नॉर्मल अधिक मध्यभागी, नॉर्मल अधिक निळा रंग, अशा ओळीच्या ओळी दिसतील. एका ओळीवर उजवी कळ दाबून तिच्या सगळ्या जागा निवडा आणि हवी ती स्टाइल लावा. ओळ यादीतून नाहीशी होते. मग पुढची. जिथं हाताचं फॉरमॅटिंग चिकटून राहील तिथं परिच्छेदापुरतं कंट्रोल क्यू. काम कंटाळवाणं आहे, पण प्रत्येक पायरीला काय बदललं ते दिसतं आणि प्रबंधात तेच हवं.

हे संपलं की मगच रिस्ट्रिक्ट एडिटिंग लावा आणि पुढच्या फेरीला फाइल बाहेर पाठवा.

मोडीवाचक

पहिल्याच खुणेनं मध्यभागीचा प्रकार थांबला! मनापासून धन्यवाद. यादी उघडून बघितली, ओळींची संख्या बघून छाती दडपली, पण आता रस्ता दिसतोय.

शिफारसपत्र

+१. धागा वाचनखूण केला.

मुक्तप्रणाली

आमचं मंडळ वर्डऐवजी लिबरऑफिस हा मुक्त प्रोग्रॅमसंच वापरतं, म्हणून त्या बाजूची नोंद. वर्डमध्ये लावलेल्या फॉरमॅटिंगच्या कुलपाला लिबरऑफिस जुमानत नाही. म्हणजे तुमच्या लेखकांपैकी एखाद्यानं तिकडं फाइल उघडली तर बटणं चालू असतील. हे आधी धरून चाला.

त्यातल्या रायटर या लेखनाच्या प्रोग्रॅममध्ये असं बंधन नाही, पण स्टाइल सांभाळायची शिस्त उलट जास्त चांगली लावता येते. एफ ११ दाबलं की स्टाइल्सची पट्टी. मजकुरावरचं हाताचं फॉरमॅटिंग काढायला कंट्रोल एम. टेम्प्लेटवरून बनवलेली फाइल असेल आणि टेम्प्लेट बदलला तर उघडताना विचारतो, नव्या स्टाइल्स घेऊ की जुन्या ठेवू. आवृत्ती ७.६ पासून स्पॉटलाइट आलंय, कुठल्या परिच्छेदाला कुठली स्टाइल आहे आणि कुठं हातानं ढवळलंय ते समासातच खुणांनी दिसतं. देवनागरीची सोय इथंही वेगळी आहे. टूल्स, ऑप्शन्समध्ये भाषांच्या पानावर कॉम्प्लेक्स टेक्स्ट लेआउट चालू करा, म्हणजे स्टाइलच्या फॉन्ट पानावर दोन्ही लिपींचे रकाने दिसतात.

एखादं प्रकरण पूर्ण झालं, आता हात लावायचा नाही असं असेल तर त्याचा सेक्शन करून पासवर्डसह लिहिण्यापासून सुरक्षित करता येतं.

अक्षरजुळणी

मुक्तप्रणालींच्या मुद्द्याला जोडून. वर्डचं हे कुलूप म्हणजे सुरक्षा नव्हे, हे सगळ्यांनी समजून घ्यावं. वर्डची डॉकएक्स (.docx) फाइल ही खरं तर झिप केलेली पिशवी असते. आत स्टाइल्स.एक्सएमएल मध्ये सगळ्या स्टाइल्स आणि सेटिंग्ज.एक्सएमएल मध्ये हे बंधन एका ओळीत लिहिलेलं असतं. जाणकार माणूस ती ओळ काढू शकतो. सगळा मजकूर नव्या कोऱ्या फाइलमध्ये नेला तरी बंधन मागं राहतं. तेव्हा गोपनीय मजकुरासाठी यावर विसंबू नका, त्यासाठी फाइल उघडण्याचाच पासवर्ड वेगळा असतो. हे कुलूप सहज होणारे बदल थांबवतं, आणि आपल्या कामात नव्वद टक्के त्रास त्यांचाच असतो.

याच गोष्टीचा एक चांगला उपयोगही आहे. संपादकच पासवर्ड विसरला तरी ग्रंथ अडकून पडत नाही. कोरी फाइल त्याच टेम्प्लेटवरून उघडायची आणि इन्सर्टमधून फाइलमधला मजकूर आणायचा.

पंचगंगाकाठ

दोघांनाही धन्यवाद. यातून टेम्प्लेटचं महत्त्व कळतं, ते माझं वर लिहायचं राहिलं होतं.

ग्रंथाच्या स्टाइल्स फक्त ग्रंथाच्या फाइलमध्ये ठेवू नका. सगळ्या स्टाइल्स जुळल्या की मजकूर काढून ती फाइल टेम्प्लेट म्हणून सेव्ह करा आणि दोन ठिकाणी जपून ठेवा. फिरून आलेल्या फाइलमध्ये स्टाइल्सच्या व्याख्याच बदलल्या असतील तर तो टेम्प्लेट जोडायचा, अद्ययावत करण्याची खूण एकदा करायची, ओके म्हणायचं, आणि लगेच पुन्हा जाऊन ती खूण काढायची. त्याच नावाच्या सगळ्या स्टाइल्स मूळपदावर येतात. हाताचं फॉरमॅटिंग त्यानं जात नाही, त्याला वरचाच मार्ग.

कुलूप न जुमानणाऱ्या प्रोग्रॅममध्ये उघडल्या जाऊ शकणाऱ्या फाइल्स मी ट्रॅक चेंजेस चालू ठेवून आणि त्याला लॉक ट्रॅकिंगचा पासवर्ड लावून पाठवतो. वर्डमध्ये बदल नोंदले जातात तेव्हा फॉरमॅटिंगचे बदलही नोंदले जातात. परत आल्यावर शो मार्कअपमध्ये फक्त फॉरमॅटिंग ठेवायचं, बाकी खुणा काढायच्या, आणि दिसणारे सगळे बदल नाकारायचे. लेखकानं लिहिलेले शब्द तसेच राहतात, रंगकाम तेवढं निघून जातं. मजकुराचे बदल मग एकेक वाचून स्वीकारायचे.

कसबा_बावडा

आम्ही गूगल डॉक्सवर सगळे मिळून लिहितो, फोनवरून पण जमतं. तिथं असं काही करता येतं का?

मुक्तप्रणाली

@कसबा_बावडा, तिथं स्वतःच्या नावाची स्टाइल बनवता येत नाही. नॉर्मल, टायटल, सबटायटल आणि हेडिंग १ ते ६ एवढंच. कच्चं लेखन, चर्चा, सूचना यासाठी ते उत्तम आहे. पण स्टाइल्स बांधलेली वर्डची फाइल तिकडं चढवून, काम करून परत उतरवू नका. तिथं फक्त मजकूर लिहा आणि मुख्य फाइलमध्ये आणताना साधा मजकूर म्हणून पेस्ट करा.

पंचगंगाकाठ

सहमत. पेस्टचं एक कायमचं करून टाका. वर्डच्या ऑप्शन्समध्ये अ‍ॅडव्हान्स्डला पेस्टसाठी वेगवेगळे रकाने आहेत. दुसऱ्या प्रोग्रॅममधून पेस्ट करताना कीप टेक्स्ट ओन्ली ठेवा. दोन वर्ड फाइल्समध्ये स्टाइलची व्याख्या जुळत नसेल तेव्हा यूज डेस्टिनेशन स्टाइल्स ठेवा. इंटरनेटवरून किंवा व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेला मजकूर मग आपल्या स्टाइलमध्येच बसतो.

निवृत्त_बाई

सगळं वाचलं. मराठी नावांच्या स्टाइल्सची कल्पना मी उचलते आहे. आमच्या लेखकांना उतारा आणि आठवण हे शब्द नक्की कळतील, आणि लेखकानंच भाग ओळखून सांगावा हेही आता पटलं. सरांना व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवायला सांगितलं, त्यांनी आज दोन पानं पाठवलीसुद्धा.

एक शंका उरली. आमच्या इतिहासात तळटिपा खूप आहेत. कुलूप लावल्यावर लेखकांना नवी तळटीप घालता येईल ना?

पंचगंगाकाठ

येते, बाई. तळटिपेच्या मजकुराची आणि तिच्या क्रमांकाची अशा दोन वेगळ्या स्टाइल्स असतात, फूटनोट टेक्स्ट आणि फूटनोट रेफरन्स. सेटिंग्जमधल्या यादीत दोन्ही खुणा ठेवा. आणि त्या दोन्हींचा देवनागरी भागही भरा, नाहीतर तळटिपा मुख्य मजकुराएवढ्याच मोठ्या दिसू शकतात. तुमचा टेम्प्लेट तयार झाला की एक कोरी प्रत मला व्यक्तिगत निरोपातून पाठवा, यादी मी बघून देतो.